निशाणी नांगर

जुन्या मोडी कागदांचे वाचन ज्यांनी केले आहे त्यांस एक लहानसे चित्र परिचयाचे असेल. खरेदीखत असो, कर्जरोखा असो अथवा वतनाच्या तंट्यातला महजर असो, कागदाच्या तळाशी नावांची रांग लागलेली असते. आणि ज्यास लिहिता येत नाही त्याच्या नावापुढे लेखकाने दोनच शब्द घातलेले असतात, 'निशाणी नांगर'. शेजारी चार रेघांत काढलेला नांगर. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, बाईमाणसाची बांगडी. मजकूर एकाचा, अक्षर दुसऱ्याचे आणि त्या अक्षराखाली बांधला जाणारा मनुष्य तिसराच, असा हा व्यवहार शेकडो वर्षे चालला.

श्रोतेहो, ज्यास हल्ली ऑनलाइन सुरक्षितता म्हणतात त्या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि आरंभ नांगरापासून केला याचे आपणांस नवल वाटेल. पण या विषयासंबंधी चारचौघांत जी मते ऐकू येतात ती पाहा. कोणी म्हणतो, हे सारे नव्या यंत्राचे पाप, पूर्वी असली फसवणूक नव्हती. कोणी म्हणतो, अडाणी लोकच फसतात, आपण शिकलेल्यांनी कशाला भ्यावे? तिसरा म्हणतो, अंगठ्याच्या ठशाची खोटी नक्कल होणे शक्यच नाही. आणि चौथा, जो सर्वांत निश्चिंत, तो विचारतो, 'माझ्यापाशी लपविण्यासारखे आहे तरी काय?' या मतांची परीक्षा यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासच अधिक चांगली करतो, असे मला वाटते.

नांगराच्या निशाणीने नेमके काय सिद्ध होत असे? खरे म्हणजे काहीच नाही. गावातील कोणत्याही कुणब्याचा नांगर दुसऱ्याच्या नांगरासारखाच. त्या रेघांवरून मनुष्याचा धंदा कळे, मनुष्य कळत नसे. कागदाला बळ येई ते त्या वेळी तेथे बसलेल्या माणसांमुळे. पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावचे जाणते, बलुतेदार या सर्वांची नावे गोही म्हणून खाली येत, आणि पुढे तंटा झाला तर 'त्या दिवशी मी तेथे होतो' असे सांगणारे दहा तोंडे गावात जिवंत असत. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र कोणी समजू नये. पाटील आणि कुलकर्णी एक झाले की गरिबाच्या नांगराला देवही सोडवू शकत नसे.

राजाच्या कागदाचे रक्षण अर्थातच अधिक कसोशीने होई. आपण सहज 'शिक्कामोर्तब झाले' असे म्हणून जातो. पण त्या शब्दात दोन निराळ्या मुद्रा आहेत. शिक्का कागदाच्या माथ्याशी, मोर्तब मजकुराच्या अखेरीस. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे होती. येथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षर घातले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. आजच्या संगणकशास्त्रात मजकुरात मागाहून फेरफार झाला की नाही हे ओळखण्यासाठी ज्या गणिती खुणा वापरतात, त्यांचे काम आणि मोर्तबाचे काम तत्त्वतः एकच. पूर्वी फसवणूक नव्हती असे म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्या घरात चोर येत नाही त्या घराला कोणी कुलूप घडवीत नाही.

आणि मनुष्याचीच नक्कल? तीही झाली. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि थोड्याच वर्षांत 'मीच भाऊ' असे म्हणणारा एक तोतया प्रकट झाला. त्यास रत्नागिरीस कैदेत ठेविले होते. १७७६ मध्ये तो सुटला, आणि पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की हजारो लोकांनी त्यास भाऊ मानले. चेहरा, बोलण्याची ढब, आठवणी, एवढेच काय ते पुरावे. आणि ज्यांस विश्वास ठेवावयाचा होता त्यांस तेवढे पुरले. आज कोणी दूरध्वनीवर पोलीस अधिकारी म्हणून बोलतो, गणवेश घालून चित्रफितीत दिसतो, आणि समोरचा सुशिक्षित मनुष्य 'डिजिटल अटक' झाली असे समजून घरातल्या खोलीत बसून राहतो. अशा अटकेची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पण तोतयाला कायद्याची गरज कधीच नव्हती. त्यास भ्यालेला अथवा आशाळभूत श्रोता पुरतो.

'हा मनुष्य तोच' हे शरीरावरूनच ठरवावे, ही कल्पना व्यवहारात आणली ती बंगालमधील विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने. १८५८ साली रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार करताना त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदाच्या पाठीवर घेतला. हेतू शास्त्रीय मुळीच नव्हता. मनुष्याने मागाहून 'ही सही माझी नव्हे' म्हणू नये, यासाठी त्यास जरा दबकावणे एवढाच होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीस त्याने पेन्शनदार, कैदी आणि दस्तऐवज नोंदविणारे लोक यांचे बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनदाराच्या नावे जिवंत मनुष्य पैसे नेत असे, त्यास आळा घालावयाचा होता. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत सिद्ध केली, तीच पुढे १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी स्वीकारली. साहेबाच्या नावावर गेलेल्या या विद्येचा पाया असा आपल्याकडील दोन पोलीस अंमलदारांनी घातला, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

नांगराच्या जागी अंगठा आला. आता 'हा मनुष्य तोच' हे निश्चित झाले. पण 'या मनुष्यास हा मजकूर ठाऊक होता' हे? ते होते तेथेच राहिले. किंबहुना मी तर म्हणेन की परिस्थिती अधिक बिकट झाली. कारण नांगर काढणाऱ्यास 'तो माझा नव्हे' असे म्हणण्यास जागा तरी होती, अंगठा देणाऱ्यास तीही उरली नाही.

हे दुखणे किती खोल होते ते १८७५ साली दिसले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले, आणि दंगा पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी काय मागितले? रोख रक्कम नव्हे, दागिने नव्हेत. सावकारांपाशी त्यांनी कागद मागितले. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे जेथे सापडले तेथे जाळले. आणि ज्याने मुकाट्याने कागद काढून दिले त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवले, त्या लोकांना आपले मरण कोठे लिहून ठेविले आहे हे बरोबर ठाऊक होते. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात निरक्षर शेतकरी लेखणीच्या जोरावर कसा नागवला जातो ते ज्या तळमळीने मांडले, ती या अनुभवातूनच आली होती.

चौकशी झाली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा झाला. सावकारी व व्याज यांसंबंधीच्या त्याच्या तरतुदी पाठ्यपुस्तकांत आढळतात. पण त्यातील एक प्रकरण आज आपल्या उपयोगाचे आहे. शेतकऱ्याने करून द्यावयाचा कागद गावच्या रजिस्ट्रारसमोरच लिहिला जावा, त्याने करून देणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, मजकूर त्यास वाचून दाखवावा आणि मगच निशाणी घ्यावी, असा त्यात दंडक होता. एवढ्या साध्या वाक्यात केवढा विचार आहे! ओळख पटणे आणि मजकूर कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिलीस मोल नाही, हे त्या कायद्याने मान्य केले. व्यवहारात हे वाचन कित्येकदा घाईघाईने उरकले जात असणार. परंतु जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकली होती, ऐकणाऱ्यावर नव्हे.

हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्या चार जिल्ह्यांसाठी होता. निजामाच्या राज्यात तो नव्हता. आणि आता मला आपणांस तेथेच, पैनगंगेच्या दक्षिणेस, निर्मळच्या डोंगररांगांत न्यावयाचे आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे गाव आज तेलंगणात आहे. जवळच पोचेराचा धबधबा, भोवती सागवानाचे जंगल, काळ्या रानात कापूस. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि उर्दू एवढ्या भाषा या टापूत कानी पडतात. बाजारात एकच मनुष्य तीन भाषांत घासाघीस करतो, आणि त्यात त्यास काही विशेष केले असे वाटतही नाही.

बोली इतक्या; पण सरकारी कागदाची भाषा? निजाम सरकारने १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा केली. कचेरीतला कागद उर्दू झाला. गावचा पटवारी आपल्या भाषेत दप्तर राखी, तहसीलीत ते निराळ्या लिपीत जाई, आणि ज्याच्या जमिनीची गोष्ट चालली आहे तो गोंड या दोहोंपैकी एकही वाचू शकत नसे. पिढ्यान् पिढ्या जी जमीन त्याने कसली तिचा पट्टा त्याच्या नावे नव्हता. बाहेरून आलेल्या, कागद जाणणाऱ्या माणसांनी तो आपल्या नावे करून घेतला. त्यात काही मराठी बोलणारेही होते, हे आपण प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वन खात्याच्या राखीव हद्दीही कागदावरच आखल्या गेल्या. १९४० मध्ये कोमरम भीम याने जोडेघाटच्या डोंगरात शस्त्र उचलले आणि तो पोलिसांच्या गोळीस बळी पडला, तेव्हा राज्यकर्त्यांस या प्रश्नाची जाग आली. असंतोषाची कारणे शोधण्याचे काम ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले.

हायमेनडॉर्फ यांनी जमिनीचे पट्टे देवविण्याची खटपट केली, हे प्रसिद्धच आहे. पण त्यांची दुसरी खटपट मला त्याहून मोलाची वाटते. १९४३ मध्ये मारलवाई या गोंड वस्तीत त्यांच्या प्रेरणेने शिक्षकांचे शिक्षण देणारे केंद्र निघाले. गोंड तरुणांना तेथे तयार केले गेले, आणि त्यांच्यासाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत काढण्यात आली. गोंडाच्या हाती त्याच्याच भाषेतील अक्षर, आणि तेही त्याच्याच माणसाकडून. पट्टा मिळाला तरी तो वाचणारा घरचा हवा. नाहीतर मिळालेला कागद पुन्हा ज्याचा त्याच्याकडे जावयास उशीर लागत नाही.

पुढे १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबादपैकी किनवट व राजुरा हे तालुके, आणि खुद्द बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, मुंबई राज्यात आले. बाकीचा बोथ आंध्र प्रदेशात गेला. २०१४ मध्ये तो तेलंगणात आला. म्हणजे बोथच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात आजोबांचा कागद उर्दूत, बापाचा तेलुगूत आणि पलीकडे इस्लापुरास दिलेल्या लेकीच्या घरचा मराठीत, अशी त्रिस्थळी यात्रा असणे मुळीच अशक्य नाही. २०२० मध्ये तेलंगणाने जमिनीच्या नोंदी 'धरणी' नावाच्या संगणकीय व्यवस्थेत घातल्या. तिच्यातील चुकांविषयी इतकी ओरड झाली की २०२३ च्या निवडणुकीत तो एक मोठा प्रश्न ठरला, आणि २०२५ मध्ये तिच्या जागी 'भूभारती' आली. दप्तर काचेच्या पडद्यावर गेले तरी 'माझे नाव त्यात कसे लिहिले आहे ते मला वाचून दाखवा' ही विनवणी सुटलेली नाही.

मधल्या काळात अंगठाही काचेवर आला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिली आधारपत्रे दिली गेली. हर्शेलने पेन्शनदारांसाठी जे केले तेच आता कोट्यवधी माणसांसाठी, आणि क्षणार्धात. यात लाभ नाही असे कोण म्हणेल? ज्या गरिबास आपण कोण हे सांगावयाला एक चिठोरेही नव्हते त्यास ओळख मिळाली, बँकेचे खाते मिळाले. पण कष्टाने ज्यांच्या बोटांवरील रेघा झिजल्या त्यांचा ठसा यंत्र ओळखीना, आणि धान्याच्या दुकानातून हात हलवीत परत यावे लागले, असेही घडले. नांगर धरून धरून झिजलेला अंगठा नांगराच्या निशाणीपेक्षाही दुबळा ठरला.

आणि 'ठशाची नक्कल होत नाही' हे मत? जून २०१८ मध्ये तेलंगणातीलच पेद्दपल्ली जिल्ह्यात जे उघडकीस आले ते ऐका. जमिनीच्या नोंदणीचे दस्तऐवज नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ठेवलेले होते. त्यांवर करून देणाऱ्यांचे अंगठे होते, आणि आधार क्रमांकही होते. धर्माराम येथील भ्रमणध्वनीची सिमकार्डे विकणाऱ्या एका मनुष्याने ते कागद उतरवून घेतले, रबरी शिक्के बनविणाऱ्या यंत्रावर त्या अंगठ्यांचे ठसे तयार केले, आणि त्यांच्या जोरावर हजारो सिमकार्डे चालू केली. का? तर विक्रीचे ठरविलेले आकडे पुरे व्हावेत म्हणून! त्याने कोणाचे कुलूप फोडले नाही. ज्या अंगठ्याने शेतकऱ्याने आपली जमीन राखली तोच अंगठा सरकारने राजरोस भिंतीवर टांगून ठेवला होता. राजाची मुद्रा चोरीस गेली तर ती रद्द करून दुसरी घडविता येई. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. अंगठा एकदा फुटला तो जन्माचा फुटला. 'माझ्यापाशी लपविण्यासारखे काय आहे' असे विचारणाऱ्याने म्हणूनच आपला उजवा हात एकदा उघडून पाहावा.

शिकलेल्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर संगणकी दरोडा पडला, आणि दोनतीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँका चालविणारे लोक अडाणी नसतात. मराठीत लिहिता न येणाऱ्यास आपण 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसत आलो. आज दूरध्वनीच्या पडद्यावर इंग्रजीतील लांबलचक अटी उमटतात, आणि पदवीधर मनुष्य त्या न वाचता 'मान्य आहे' या चौकोनावर बोट टेकवतो. कोणाशी करार केला, काय दिले, किती दिवसांसाठी दिले, याची त्यास गंधवार्ता नसते. सुप्याच्या शेतकऱ्याने निदान सावकाराचे तोंड पाहिलेले असे. अंगठेबहाद्दर या शब्दाचा अर्थ असा विस्तारला आहे, की त्यात आता आपण सारेच मावतो.

मात्र त्यातही पायऱ्या आहेत. पाव आण्याचे पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ मध्ये आले, म्हणजे त्या कायद्याच्याच वर्षी. ज्या घरात वाचणारे कोणी नव्हते तेथे ते पोस्टमनने वाचावे, अथवा मास्तरांनी. मुलीचा निरोप, भावाची उधारी, कोणाचे आजारपण, सारे ओसरीवर मोठ्याने वाचले जाई. निरक्षराला वाचणाऱ्यापासून गुपित राखता येत नाही, आणि यात त्याचा दोष काही नाही. त्याच्या रक्तात मुरलेली ही सवय आज धोक्याची झाली आहे. बोथसारख्या गावात ज्या म्हातारीस आलेला संदेश इंग्रजीत, बँकेचा कारकून बोलतो तेलुगूत आणि ती स्वतः बोलते गोंडी वा मराठी, तिने यंत्रावरचे आकडे पुतण्यास वाचावयास दिले, किंवा गोड बोलणाऱ्या परक्यास सांगितले, तर तिला मूर्ख कसे म्हणावे? तिने तेच केले जे तिच्या आजीने पोस्टकार्डाच्या बाबतीत केले. २०१६ मध्ये यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून पैसा बोटाच्या टोकावर आला. पण पैसे देण्यासाठी पिन लागतो, घेण्यासाठी लागत नाही, एवढी एकच गोष्ट तिच्या भाषेत तिला कोणी धडपणे सांगितली असेल तर शपथ. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हेही तसेच. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

कायदा मात्र थोडा पुढे सरकला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी आधारचा कायदा न्यायालयाने बहुतांशी कायम ठेविला. पण सिमकार्डासाठी वा बँकेच्या खात्यासाठी आधार जोडण्याची सक्ती चालावयाची नाही, असे ठरविले. आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एक तरतूद अशी आहे की जी वाचून १८७९ चा गावचा रजिस्ट्रार आठवावा. मनुष्याची माहिती त्याच्या संमतीने घ्यावयाची असेल तर कोणती माहिती, कशासाठी, हे त्यास स्वच्छ भाषेत आधी कळविले पाहिजे. आणि ती सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय त्यास दिली पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अंमलात यावयाची, असे त्यांत ठरविले आहे. फरक एवढाच की रजिस्ट्रार वाचून दाखवीत असे. येथे वाचावयाचे काम ज्याचे त्याने करावयाचे आहे.

आठव्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो यांनाही तीत स्थान मिळाले. बोथच्या बाजारात उभ्या असलेल्या मनुष्यास ती सूचना मराठीत मागता येईल, तेलुगूत मागता येईल, उर्दूतही मागता येईल. मारलवाईच्या केंद्रात जिची पुस्तके १९४३ नंतर देवनागरीत निघाली ती गोंडी त्या बावीस भाषांत नाही, आणि कोलामीही नाही.